मिनियापोलिसच्या खिडकीपासून वॉशिंग्टनपर्यंत : अमेरिकेतील समलिंगी विवाहाचा कायदेशीर इतिहास

उत्तररात्र (धागाकर्ता)

अमेरिकेतील समलिंगी विवाहाविषयी मराठीत चर्चा निघाली की ती बहुधा २६ जून २०१५ या तारखेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या दिवशी ओबरगफेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि पन्नासही राज्यांत असे विवाह कायदेशीर झाले, हे खरेच आहे. परंतु त्या तारखेच्या मागे पंचेचाळीस वर्षे उभी आहेत आणि त्यांतला बहुतेक काळ हा वाद राज्यांच्या न्यायालयांत, विधिमंडळांत आणि मतपेट्यांत चालला होता. मी कायद्याचा पदवीधर नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यावर कुतूहलाने हा इतिहास वाचू लागलो, आणि वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली : यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा कुठल्या तरी सरकारी कागदासाठी अडलेल्या माणसापासून सुरू होतो. कधी तो विवाहाचा परवाना असतो, कधी कराची मागणी, कधी मृत्युदाखला.

आधी एक पायाभूत गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे काही उमगत नाही. अमेरिकेत विवाह हा राज्यांचा विषय आहे. अटी राज्याचा कायदा ठरवतो आणि परवाना बहुधा काउंटीचा, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा, कारकून देतो. केंद्र सरकार स्वतः कोणाचे लग्न लावत नाही. राज्याने लावलेले लग्न ग्राह्य धरून ते आपले कर, निवृत्तिवेतन आणि व्हिसा यांचे नियम लागू करते. म्हणून या प्रश्नाला नेहमी दोन कुलुपे होती, एक राज्याचे आणि एक केंद्राचे.

१८ मे १९७० रोजी जॅक बेकर आणि मायकेल मॅकॉनेल हे दोन तरुण मिनियापोलिसमध्ये हेनेपिन काउंटीच्या कार्यालयात परवाना मागायला गेले. मिनेसोटाच्या तेव्हाच्या कायद्यात वधू-वर भिन्नलिंगी असावेत असे स्पष्ट शब्दांत कुठेही लिहिलेले नव्हते. कोणी दुसरे काही मागेल ही शक्यताच कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेली नव्हती. परवाना नाकारला गेला. १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार कायम केला आणि १० ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, यात केंद्रीय कायद्याचा दखलपात्र प्रश्नच उपस्थित होत नाही, अशा अर्थाच्या एका वाक्यात अपील निकाली काढले. पुढच्याच वर्षी मेरीलँडने विवाह म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचाच, असे कायद्यात लिहून टाकले. जे गृहीत होते ते आता लिहावे लागले, ही त्या मागणीची पहिली खूण. १९७५ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर काउंटीच्या कारकून क्लीला रोरेक्स यांनी, कायदा मनाई करत नाही असे पाहून, सहा जोडप्यांना परवाने दिले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी ते लगेच थांबवले.

त्यानंतरची महत्त्वाची घटना हवाईमध्ये घडली आणि ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते. डिसेंबर १९९० मध्ये तीन जोडप्यांनी तिथे परवाने मागितले. ५ मे १९९३ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांच्या चर्चेत न शिरता एक साधा प्रश्न विचारला : एका स्त्रीला या पुरुषाशी लग्न करता येते, पण त्याच्या जागी स्त्री असेल तर येत नाही; मग नकाराचे कारण केवळ लिंग हेच नाही काय? हवाईच्या राज्यघटनेत लिंगाधारित भेदभावाला स्पष्ट मनाई असल्यामुळे या नकाराला अत्यंत सबळ कारण दाखवण्याची जबाबदारी राज्यावर आली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खालच्या न्यायालयाने राज्याला तसे कारण दाखवता आले नाही असे ठरवले.

हवाईत एकही असा विवाह लागण्यापूर्वीच उरलेला देश धास्तावला. एका राज्याचा विवाह दुसऱ्या राज्याने मानावा, ही रूढ पद्धत होती. त्यामुळे होनोलुलूला जाऊन लग्न करून परतणाऱ्यांना आपल्यालाही मान्यता द्यावी लागेल, अशी भीती राज्यांना वाटू लागली. त्या भीतीतून 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट', म्हणजे 'डोमा', जन्माला आला. प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ६७, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४, आणि २१ सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही. त्याच्या दुसऱ्या कलमाने इतर राज्यांतील असे विवाह न मानण्याची मुभा राज्यांना दिली आणि तिसऱ्या कलमाने केंद्राच्या सर्व कायद्यांपुरती विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती मर्यादित केली. तोवर केंद्र राज्यांची व्याख्या स्वीकारत आले होते. इथे प्रथमच त्याने स्वतःची सर्वंकष व्याख्या लादली. इकडे हवाईच्या मतदारांनी १९९८ मध्ये घटनादुरुस्ती करून विवाह भिन्नलिंगी जोडप्यांपुरता राखण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला आणि तो खटला निष्फळ झाला.

डिसेंबर १९९९ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने, लाभ समान द्या, नाव काय द्यायचे ते विधिमंडळाने ठरवावे, असा निकाल दिला आणि त्यातून जुलै २००० मध्ये 'सिव्हिल युनियन' ही नवी व्यवस्था अमलात आली.

मॅसॅच्युसेट्सने मात्र नावाचाही आग्रह धरला. १८ नोव्हेंबर २००३ रोजी गुडरिज खटल्यात मुख्य न्यायमूर्ती मार्गारेट मार्शल यांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताचा निकाल लिहिला आणि विधिमंडळाला १८० दिवसांची मुदत दिली. सिव्हिल युनियनने भागेल काय, असे राज्याच्या सिनेटने न्यायालयाला विचारले, तेव्हा वेगळे नाव देणे म्हणजे दुय्यम दर्जा देणे, असे उत्तर मिळाले. १७ मे २००४ च्या मध्यरात्री केंब्रिजच्या नगरभवनाने दारे उघडली आणि अमेरिकेत समलिंगी जोडप्यांना पूर्णपणे कायदेशीर परवाने मिळू लागले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाला त्याच दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

हवाईचा विजय टिकला नाही आणि मॅसॅच्युसेट्सचा टिकला, याचे मोठे कारण माझ्या मते राज्यघटना बदलण्याच्या पद्धतीत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये नागरिकांनी सुचवलेली दुरुस्तीसुद्धा लागोपाठच्या दोन विधिमंडळांत किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या पाठिंब्यावर टिकावी लागते आणि मगच ती मतदानाला जाते. २००७ मध्ये विरोधकांना ५० मते हवी होती, ती ४५ मिळाली. मधल्या तीन वर्षांत लोकांनी शेजारची जोडपी पाहिली होती आणि आमदारांची मते बदलली होती. कॅलिफोर्नियात मात्र साध्या बहुमताने घटना बदलते : मे २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क दिला आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला 'प्रपोझिशन ८' या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाने तो काढून घेतला. मधल्या काळात लागलेली सुमारे १८,००० लग्ने तेवढी वैध राहिली.

केंद्राचे कुलूप उघडले ते कराच्या एका मागणीमुळे. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांनी आपल्या दीर्घकाळच्या सहचरी थिया स्पायर यांच्याशी २००७ मध्ये टोरांटोला विवाह केला. २००९ मध्ये थिया वारल्या. नवऱ्याची मालमत्ता बायकोला मिळाली असती तर वारसाकर शून्य आला असता. डोमामुळे एडिथ यांना ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले. २६ जून २०१३ रोजी न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने डोमाचे तिसरे कलम रद्द ठरवले. विवाह हा राज्यांचा विषय असताना राज्याने दिलेला दर्जा केंद्राने का हिरावून घ्यावा, हा त्या निकालातील युक्तिवादाचा एक मुख्य धागा होता.

तो निकाल आला तेव्हा सिनसिनाटीत जॉन आर्थर अंथरुणाला खिळलेले होते. स्नायू निकामी करणारा एएलएस हा आजार त्यांना झाला होता. ओहायो राज्यात लग्न करता येत नव्हते, म्हणून ११ जुलै २०१३ रोजी जिम ओबरगफेल त्यांना वैद्यकीय सोयीच्या छोट्या विमानाने मेरीलँडला घेऊन गेले आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातच त्यांचे लग्न लागले. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला आर्थर गेले. मृत्युदाखल्यावरील वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'विवाहित' असावे आणि जोडीदार म्हणून आपले नाव असावे, एवढ्यासाठी ओबरगफेल न्यायालयात गेले होते. पुढे मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या राज्यांतील खटले त्यांच्या खटल्याला जोडले गेले आणि आज तो निकाल त्यांच्या नावाने ओळखला जातो.

---

केतकीवन

लेख फार आवडला. एक शंका आहे. १९७२ चे ते एक वाक्य इतके महत्त्वाचे का ठरले? सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकलेच नाही, तर त्याला निवाडा म्हणता येईल का?

---

उत्तररात्र

शंका योग्य आहे. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अशा अपिलाची दखल घेणे न्यायालयाला बंधनकारक होते. त्यामुळे ते एका ओळीत निकाली काढले तरी तो गुणवत्तेवर दिलेला निर्णय मानला जाई आणि खालच्या केंद्रीय न्यायालयांवर बंधनकारक ठरे. म्हणूनच पुढची कित्येक वर्षे वकिलांनी केंद्रीय न्यायालये टाळून राज्यघटनांच्या आधारे राज्यांच्या न्यायालयांत दाद मागितली. मॅसॅच्युसेट्सचा खटला लढवणाऱ्या मेरी बोनॉटो यांनी हा मार्ग फार विचारपूर्वक आखला होता. त्यांनीच २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांची बाजू मांडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ओहायोसह चार राज्यांतील बंदी कायम ठेवताना याच जुन्या ओळीचा आधार घेतला होता, आणि ओबरगफेल निकालात ती ओळ नाव घेऊन रद्द करण्यात आली.

---

माळरान

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी मांडत नाही. समलिंगी जोडप्यांना हक्क मिळावेत, याला माझा विरोध नाही. परंतु २ नोव्हेंबर २००४ या एकाच दिवशी अकरा राज्यांतील मतदारांनी घटनादुरुस्तीने असे विवाह नाकारले. इतक्या लोकांनी रीतसर मतदान करून घेतलेला निर्णय पाच न्यायाधीशांनी पुसून टाकावा, हे लोकशाहीत कसे बसते? आयोवात २००९ मध्ये न्यायालयाने एकमताने हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यांपैकी तीन न्यायमूर्तींना घरी पाठवले. एवढा रोष ओढवून घेण्यापेक्षा काही वर्षे थांबणे शहाणपणाचे झाले नसते काय?

---

उत्तररात्र

माळरान, तुमचा आक्षेप गंभीर आहे. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या विरोधी मताचा गाभा हाच होता. मतदार आणि विधिमंडळे यांनी आपणहून मान्यता दिलेली राज्ये तोवर अकराच आहेत, हे त्यांनी मोजून दाखवले होते, आणि ते मला मान्य करावे लागते.

तरीही दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की लोकमत आणि न्यायालये एकमेकांपासून अलग राहून चालत नव्हती. व्हरमाँटच्या न्यायालयाने १९९९ मध्ये जे सुरू केले, त्याच राज्याच्या विधिमंडळाने २००९ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून पूर्ण विवाहापर्यंत नेले. मेन राज्याच्या मतदारांनी २००९ मध्ये विधिमंडळाचा कायदा रद्द केला होता. त्यांनीच ६ नोव्हेंबर २०१२ रोजी मतदानाने विवाहाला मान्यता दिली. त्याच दिवशी मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांनीही ती दिली, आणि मिनेसोटाने बंदीची घटनादुरुस्ती फेटाळली. १९७३ मध्ये बंदी प्रथम लिहिणारे मेरीलँड ते हेच.

दुसरी गोष्ट थांबण्याविषयी. १९६७ मध्ये लव्हिंग खटल्यात वेगवेगळ्या वंशांच्या व्यक्तींच्या विवाहावरील बंदी रद्द झाली, तेव्हाही सोळा राज्यांत ती बंदी कायद्यात होती. जॉन आर्थर यांना थांबायला वेळ नव्हता. ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजले जात आहे, त्याला आणखी दोन निवडणुकांची वाट पाहा असे सांगणे मला जमणार नाही.

---

ओंजळ

मी न्यू जर्सीत राहते आणि या विषयावर प्रथमच मराठीत लिहीत आहे. आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये समान हक्क द्या असे सांगितले, नाव मात्र विधिमंडळावर सोडले, आणि फेब्रुवारी २००७ पासून सिव्हिल युनियन सुरू झाले. माझी जोडीदार पुण्याची आहे आणि ती इथे विद्यार्थी व्हिसावर आली होती. आम्ही २०१० मध्ये सिव्हिल युनियन केले. राज्याच्या दृष्टीने आम्ही दांपत्य होतो आणि केंद्राच्या दृष्टीने एका पत्त्यावर राहणाऱ्या दोन अविवाहित बायका. दर एप्रिलमध्ये राज्याला एक संयुक्त विवरणपत्र आणि केंद्राला दोन वेगवेगळी विवरणपत्रे द्यावी लागत. माझ्याकडे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असूनही तिला माझ्या आधाराने एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा मिळू शकत नव्हता. तिचे शिक्षण संपले की तिला परत जावे लागेल, ही भीती आम्ही तीन वर्षे उशाशी घेऊन झोपलो.

एकदा तिला रात्री रुग्णालयात न्यावे लागले. अर्जावर विवाहित, अविवाहित, घटस्फोटित आणि विधुर-विधवा एवढेच पर्याय होते. तिथल्या बाईंना मी सिव्हिल युनियन म्हणजे काय ते समजावून सांगत होते आणि आत तिला ताप चढत होता. आमच्या राज्याने नेमलेल्या आढावा आयोगानेही २००८ च्या अखेरीस हेच नोंदवले होते की वेगळ्या नावामुळे समानता मिळत नाही, आणि विवाहाचीच शिफारस केली होती.

विंडसर निकालानंतर परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये जाहीर केले की समलिंगी पतीपत्नींचे व्हिसा अर्जही इतरांसारखेच तपासले जातील, आणि विवाह जिथे झाला तिथे तो वैध असला की पुरे. परंतु त्यासाठी विवाहच लागत होता, सिव्हिल युनियन चालत नव्हते. तोच मुद्दा धरून सप्टेंबरमध्ये आमच्या राज्यातील न्यायाधीश मेरी जेकबसन यांनी निकाल दिला, आणि २१ ऑक्टोबर २०१३ पासून इथे विवाह सुरू झाले. आम्ही त्याच आठवड्यात लग्न केले. आईने फोनवर मंगलाष्टके म्हटली. पुढच्या वर्षी एच-४ आला.

उत्तररात्र यांनी दोन कुलुपांविषयी लिहिले आहे, त्यात तिसरे जोडते. मुंबईच्या विमानतळावर उतरले की आम्ही पुन्हा दोन अविवाहित बायका होतो.

---

वकीलपत्र

ओंजळ, तुमच्या शेवटच्या वाक्याच्या अनुषंगाने भारतातील स्थिती थोडक्यात मांडतो. मी नागपूरला वकिली करतो.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, असे एकमताने म्हटले आणि विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये समलिंगी जोडपीही येतात असा अर्थ लावण्यास नकार दिला. जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क आहे काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मत पडले. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. परदेशातील विवाहांसाठी विदेशी विवाह कायदा, १९६९ चा आधार मागितला होता, तोही मिळाला नाही. पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्याकडे विवाह हा समवर्ती सूचीतील पाचव्या नोंदीचा विषय आहे, म्हणजे संसद आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येतो. सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात हे नमूद केले आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती लागते, एवढेच. सुनावणी सुरू असताना केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने उत्तर देण्यासाठी अधिक वेळ मागितला.

विवाहाच्या कायद्यात प्रांताने देशाच्या पुढे जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, याची फारशी आठवण ठेवली जात नाही. बडोदा संस्थानात १९३१ मध्येच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंमधील द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला, संपूर्ण देशासाठी हिंदू विवाह कायदा येण्याच्या नऊ वर्षे आधी. त्याला आव्हान मिळाले, तेव्हा नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरवला. तमिळनाडूने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घालून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली.

आणखी एक नोंद. २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही, मग आम्हाला का, असा तिचा मुद्दा आहे. विंडसर यांचा खटलाही कराचाच होता.

---

माळरान

१९४६ च्या कायद्याचे उदाहरण मला माहीत नव्हते. राज्यांनी कायदा करावा, हे मला न्यायालयीन निर्णयापेक्षा अधिक पटते. एक विचारतो : अमेरिकेत आता हे पक्के आहे काय? उद्या न्यायालयाने मत बदलले तर?

---

उत्तररात्र

जून २०२२ मध्ये गर्भपाताविषयीचा डॉब्स निकाल आला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र मतात ओबरगफेलचाही फेरविचार व्हावा असे लिहिले. त्यामुळे संसदेने घाई केली आणि १३ डिसेंबर २०२२ रोजी 'रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्ट' अमलात आला. त्याने डोमा रद्द केला, केंद्राला असे विवाह मानणे बंधनकारक केले आणि एका राज्याचा विवाह दुसऱ्याने नाकारू नये असे ठरवले. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मते पडली. १९९६ चे आकडे वर दिले आहेत, ते पुन्हा पाहावेत.

त्यात एक उणीव आहे. परवाना द्यायलाच हवा, अशी सक्ती हा कायदा राज्यांवर करत नाही. अनेक राज्यांच्या घटनांत जुन्या बंदीचे शब्द अजून तसेच आहेत. ओबरगफेलमुळे ते निष्प्रभ आहेत, पुसलेले नाहीत. निकाल फिरला तर ते पुन्हा जिवंत होऊ शकतात. म्हणून काही राज्ये ते शब्द मतदानाने काढून टाकत आहेत : नेवाडाने २०२० मध्ये, आणि कॅलिफोर्निया, कोलोरॅडो व हवाई यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये. हवाईच्या मतदारांनी १९९८ मध्ये घातलेले वाक्य सव्वीस वर्षांनी त्यांनीच खोडले.

---

केतकीवन

मिनियापोलिसच्या त्या दोघांचे पुढे काय झाले?

---

उत्तररात्र

ते एकत्रच राहिले. हेनेपिन काउंटीने नकार दिल्यानंतर त्यांच्यातील एकाने न्यायालयातून लिंगनिरपेक्ष नाव घेतले आणि १९७१ मध्ये ब्लू अर्थ या दुसऱ्या काउंटीतून परवाना मिळवला. ३ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचा विवाह झाला. कारकुनाने मात्र त्याची नोंद केली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो विवाह पहिल्या दिवसापासून वैध असल्याचे जाहीर केले आणि नोंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली होती.